उलगडलेली घोंगडी

शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या घोंगडीचा ओलसर लोकरी वास आला, की मला दौंडच्या दवाखान्याचा व्हरांडा आठवतो.

त्या सकाळी मी वर्गात शिकवले होते, की सायकल आणि सर्कस हे शब्द ग्रीक-लॅटिनमधल्या 'वर्तुळ' या अर्थाच्या शब्दांतून आले, तर डुप्लिकेट आणि मल्टिप्लाय 'घडी घालणे' या अर्थाच्या शब्दातून. दुपारी मांडवगणहून शेजारच्या आबांच्या पत्नीला दवाखान्यात आणले. सोबत मीही होतो. "केस कॉम्प्लिकेटेड आहे," एवढेच सांगून डॉक्टर आत गेले.

"मास्तर, म्हंजी काय वो?" आबांनी विचारले.

आजाराविषयी मला काहीच ठाऊक नव्हते, म्हणून शब्दाचे मूळ सांगितले. "एकात एक पडलेल्या घड्या."

"आस्सं व्हय? मग उलगडंल की!" आबांनी खांद्यावरची पावसाने ओलावलेली घोंगडी झटकून माझ्या मांडीवर पसरली. "ही बगा. हिला काय कमी घड्या व्हत्या?" आणि ते हसले. तेव्हा मला तो भोळेपणा वाटला. आता वाटते, ते मलाच धीर देत होते.

इतक्यात त्यांना आत बोलावले. थोड्या वेळाने आतून त्यांचा हंबरडा ऐकू आला.

मी उठून घोंगडीची टोके जुळवू लागलो. ती काही केल्या जुळेनात.