ब्रेक दिला म्हणजे काय केलं

आप्पांनी मला सायकलवरून चौफुल्यापर्यंत सोडलं. कॅरिअरवर मी, हँडलला माझी पिशवी. त्या सायकलला ब्रेक म्हणून नव्हताच. उतार आला की आप्पा चप्पल चाकाला घासायचे. केडगावजवळच्या आमच्या वस्तीत ब्रेक या इंग्रजी शब्दाचा तेवढाच अर्थ होता. शिरूरकडं जाणारी एसटी आली तेव्हा ते खिडकीशी आले. म्हणाले, "जयभीम. कुणाचं ऐकून घिऊ नको, आन् उगं कुणाशी भांडूबी नको." दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

माया, तू माझ्या चुलत्यांची धाकटी, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, मलाबी कारेगावला ने, कंपनीत लाव." म्हणून हे लिहितेय.

शिरूरजवळच्या कारेगावात, कंपन्यांच्या पट्ट्यात, आमच्या खोलीत चौघी होतो. संडासापुढं सकाळी रांग, आणि मागच्या गटाराचा वास जेवताना ताटापर्यंत यायचा. त्याची सवय झाली. माझ्या शेजारी सुनीता झोपायची, परभणीकडची. गाडीच्या वायरिंगच्या कंपनीत तिनंच मला काम शिकवलं आणि तिथली भाषाही. भोंगा वाजला की टी ब्रेक. मशीन बंद पडलं की ब्रेकडाऊन. तेव्हा बिहारची पोरं "आराम करो" म्हणत हसायची आणि सुपरवायझर डोकं धरून पळायचा. मला ब्रेक हा शब्द तेव्हा आवडायचा. त्यात चहा होता, पाठ टेकणं होतं.

मग एक दिवस सुपरवायझर माझ्या टेबलाशी आला आणि देवाचा प्रसाद द्यावा तसं म्हणाला, "तुला उद्यापासून ब्रेक देतोय. कार्ड जमा कर."

मला कळलंच नाही. सुनीतानं खोलीवर सांगितलं, "सलग ठेवलं तर पर्मनंट करावं लागतं बाई. म्हणून मधेच काढतात. मग पुन्हा बोलावतात, नवीन म्हणून."

घरी फोन केला. "आप्पा, मला ब्रेक दिलाय." पलीकडून ते खुशीत म्हणाले, "बरं झालं की. जीवाला जरा आराम." आईला ओरडून सांगितलंही, "पोरीला सुट्टी दिली कंपनीनं!" मी खरं न सांगताच फोन ठेवला.

काही आठवड्यांनी बोलावलं. तीच कंपनी, तेच टेबल, नवं कार्ड, पगार पुन्हा खालच्या पायरीवरचा. पहिल्या दिवशी मला नव्या मुलींबरोबर बसवून हातमोजे कसे घालायचे ते दाखवलं. दाखवणारी मुलगी मीच तयार केलेली. ती बिचारी माझ्याकडं बघेना. सुपरवायझर मात्र टाळ्या वाजवून म्हणाला, "वेलकम टू द फॅमिली." त्या क्षणी मला त्याची जी शिसारी आली, ती गटाराच्या वासाची कधी आली नव्हती.

पण खरं घडलं ते सुनीताचं. तिला पाचवा महिना होता. ड्रेस घट्ट व्हायला लागला तसं तिला एचआरमध्ये बोलावलं. "एकटीनं जाववत न्हाई," म्हणाली, म्हणून मी सोबत गेले. आत थंडगार एसी. साहेबांनी तिला खुर्चीसुद्धा दिली.

"हे बघ सुनीता, तुझ्या आणि बाळाच्या काळजीपोटीच सांगतोय. आता तू लाँग ब्रेक घे."

"किती लाँग, साहेब? डिलिव्हरीनंतर घ्याल का परत?"

"बघू की. आधी आराम तर कर."

सुनीता खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत राहिली. काढण्याचा राग नव्हता एवढा, त्यावर ओतलेल्या साखरेचा होता. मी म्हणाले, "साहेब, तिला काढलंय म्हणा. ब्रेक म्हणू नका."

"तू कोण?"

"हिच्या शेजारच्या टेबलावर असते. तुम्ही एकदा तोंडानं म्हणा, पोटुशी आहे म्हणून काढतोय."

साहेब हसले. "फार बोलतेस. तुलाही ब्रेक हवाय का?"

"तोच शब्द परत वापरलात," मी म्हणाले. त्यानंतर त्यांचं हसू गेलं, आणि संध्याकाळी माझं कार्ड.

सुनीता गावी गेली. तिला मुलगी झाली. फोटो पाठवते, कामाचं विचारते. मी आता जवळच्याच दुसऱ्या कंपनीत आहे. इथं त्याला गॅप म्हणतात.

तर माया, यायचं तर ये. माझ्या खोलीत तुझी गादी मावेल. पण इथं कुणी गोड आवाजात इंग्रजी शब्द हातावर ठेवला, तर त्याचा मराठीत अर्थ विचार, सगळ्यांदेखत विचार.

दोन कंपन्यांच्या मधल्या दिवसांत मी घरी आले होते ते तुला आठवत असेल. आप्पा दारात बसले होते. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आप्पा, सुट्टीबिट्टी काही न्हाई. साहेबाशी भांडले, काढलं मला."

ते म्हणाले, "आमच्या टायमाला बागाईतदार म्हणायचा, उद्यापासनं येऊ नगं. लई लागायचं. पर गोड बोलून न्हाई काढायचा." आणि रस्त्याच्या बाजूला थुंकले. भांडलीस कशाला, असं एका शब्दानं विचारलं नाही.

मी आत गेले. आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. किती दिवस राहणार, पुढं काय करणार, काही नाही. डब्यातून अजून दोन मुठी पीठ काढून तिनं परातीत टाकलं आणि म्हणाली, "हातपाय धू. तवा तापलाय."

कारेगावात कुणी मला विचारतं, घर कुठं तुझं? मी केडगाव सांगते. मनात मात्र त्या दोन मुठी असतात.