सोमवारपासून लॅबमध्ये

मुलीने मोबाइलवर एका नव्या, अजून सुरू व्हायच्या मालिकेची जाहिरात दाखवली. जुन्या काळातली गोष्ट. बाई शास्त्रज्ञ असते आणि पुढे स्वयंपाकीण होते. पातेल्यातून वाफ निघते, बाई हसते, मागे सतार वाजते. "आई, ही तर तुझीच गोष्ट!" म्हणाली. डोंबल माझी गोष्ट! मी मुरबाडच्या कंपनीत भात शिजवत होते तेव्हा सतार कुठली, एक पंखा होता, तोही निम्मा वेळ बंद.

माझं माहेर खर्डीचं. वडिलांनी तरुणपणी धम्म घेतला आणि पुढे मला हट्टाने केमिस्ट्रीत बी.एस्सी. करायला लावलं. "आमची मुलगी लॅबमध्ये असते," एवढंच ते लोकांना सांगायचे, पण दिवसातून चारदा. लग्न होऊन शहापूरला आले आणि नव्वदच्या दशकात तिथून एसटीने मुरबाडला जायला लागले. औषधं बाटल्यांत भरणारी छोटी कंपनी. लॅब म्हणजे एक खोली, एक ब्युरेट, एक तराजू आणि खिडकीपाशी माझी खुर्ची. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि रंग कधी बदलतो ते बघत बसायचं. मला ते फार आवडायचं. अजूनही आवडेल.

मग कॅन्टीनची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी करताच की. थोडे दिवस बघा." लॅबमध्ये दोघे पुरुषही होते, त्यांना कुणी विचारलं नाही. ते घरी जेवत नसावेत बहुतेक! थोड्या दिवसांची वर्षं झाली आणि माझ्या खुर्चीवर नवा केमिस्ट येऊन बसला.

कामाला सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांतली माणसं यायची. सुरुवातीला त्यातली बरीच जण माझ्या हातचं घेत नसत. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. "आज उपास हाय," "पोट जड हाय," असं म्हणून बाहेर उन्हात बसून घरची भाकर खायची. एवढे उपास तर देवानेही कुणाला सांगितले नसतील. मी कुणाला समजवायला गेले नाही, तेवढी ताकदच उरत नव्हती. पण हळूहळू एकेक जण आत यायला लागला. सगळ्यांत शेवटी बाटल्या धुणारी म्हातारी आली. "काय केलंस गो आज?" म्हणत तिने ताट पुढे केलं. पुढे तीच माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडायची, मला बाय म्हणायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण पाय भरून यायचे, आणि लॅबच्या खिडकीवरून जाताना मान आपोआप वळायची.

दोन हजार साल उलटल्यावर तो केमिस्ट अंबरनाथला दुसऱ्या नोकरीवर गेला. मी त्याच दिवशी मॅनेजरांपुढे जाऊन उभी राहिले. बरीच कुरकुर करून शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून लॅबमध्ये. कॅन्टीनला दुसरी कुणी बघतो." घरी जाऊन मी ट्रंकेतला पांढरा कोट काढला, धुतला, तुटलेलं बटण लावलं.

त्याच सुमारास कंपनीत एक नवीन साहेब आला होता. कॅन्टीनमध्ये जेवणार नाही, घरचा डबा आणणार, असं त्याने आल्याआल्या सांगून टाकलं. का, ते त्याने सांगितलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं. एकेकाळच्या आमच्या उपासवाल्यांना तर लगेच कळलं. त्यामुळे मला कॅन्टीनमधून काढलं अशी बातमी फुटली, तेव्हा ते साहेबामुळेच काढलं असं सगळ्यांनी धरून टाकलं.

सोमवारी कोट हातात घेऊन गेटमधून आत आले तर मशीन बंद. सगळे आवारात उभे, म्हातारी सगळ्यांच्या पुढे. "बायला काडायची नाय," ती मॅनेजरांना सांगत होती. "आमी खातो ना तिच्या हातचं? मंग साहेबालाच काय झालं? तीच रांधंल, नायतर काम नाय."

मॅनेजर घामाघूम. "अहो, त्यांनी स्वतः मागितलंय!"

"तुमीच बोलाया लावलं आसंल," मागून कुणीतरी ओरडलं. नवा साहेब व्हरांड्यातून बघत होता. मॅनेजर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना."

सांगायचं काय होतं? खरं तेच. की बाबांनो, मला लॅबमध्येच जायचंय, मी नाकदुऱ्या काढून मागून घेतलंय. अगदी ओठांवर आलं होतं. पण जी माणसं माझा भात नको म्हणून उन्हात बसायची, तीच आज माझ्या भातासाठी पगार कापून घ्यायला तयार होती, तेही त्या साहेबाच्या देखत. असं काही बघायला मिळावं म्हणून माझ्या वडिलांनी जन्म घालवला होता. मी लॅबमध्ये गेले असते तर साहेबाला वाटलं असतं, आपलंच खरं झालं. असा संताप आला म्हणून सांगू! आणि चिडायचं कुणावर, तेच कळेना.

"राहते मी कॅन्टीनमध्ये," मी म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने माझा हात घट्ट धरला, तिचे डोळे भरून आले होते. "भिऊ नको गो बाय. आता तुला हितून कोन हलवतंय तेच बगतो आमी."

कंपनी बंद पडेपर्यंत मला तिथून कुणीच हलवलं नाही.