गॅरेजमधला गोड वास

आमच्या ह्यांना डायबेटिस आहे आणि ह्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

रिटायर झाल्यावर इथे फ्रिस्कोत बाकीची मंडळी गोल्फ खेळतात, नाहीतर भजनाला जातात. ह्यांनी एक गंजकी, जुनाट गाडी आणली. तिचं हॉट रॉड करायचं, म्हणजे सांगाडा जुना, इंजिन नवं दणदणीत, आणि शनिवारी सकाळी पार्किंग लॉटमध्ये बॉनेट उघडून उभं राहायचं. तिथे म्हातारे एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून बघतात. मुलगी बघायला आल्यासारखं! एक वायर लोंबताना दिसली तरी नाकं मुरडतात.

म्हणून हीटर बसवायचं ठरल्यावर ह्यांचा सगळा जीव दोन होजमध्ये अडकला. हीटरला इंजिनातलं गरम पाणी लागतं, ते नेणाऱ्या-आणणाऱ्या या रबरी नळ्या. लोक त्या इंजिनावरून टाकून मोकळे होतात. ह्यांनी त्या इंजिनाच्या मागून खाली उतरवल्या, कडेकडेने नेल्या आणि पायाशी भोकं पाडून आत घेतल्या. जोडसुद्धा आत, कार्पेटच्या पाठीमागे. "बघ, कुठे काही दिसतंय?" मला बॉनेटपाशी उभं करून विचारायचे. नव्हतं दिसत. पण मी मनात म्हटलं, ज्या माणसाला इतकं छान लपवता येतं, तो आणखी काय काय लपवत असेल!

जानेवारीत रिपोर्ट आला. शुगर चढलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पडद्यावर परिणाम सुरू झालाय, आता आवरलं नाही तर दृष्टी जाईल. मी हादरलेच. घरात साखरेचा कण माझ्या नजरेतून सुटत नव्हता. मग वाढली कशी? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच गॅरेजमध्ये गोड वास यायला लागला. पाक होत आला की येतो ना, तसा.

"अहो, हा वास कसला?"

"कसला?"

"गोड."

"पेंटचा असेल."

चेहरा इतका साळसूद, की माझी खात्रीच पटली. इंडियन ग्रोसरीत जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारलं, आमचे काका इथून पेढे नेतात का गं? ती म्हणाली, "नाही काकू." म्हटलं, हीसुद्धा फितूर दिसतेय. रेडमंडला राहणारी आमची लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांवर पाळत काय ठेवतेस? लेट हिम एन्जॉय, यार." एन्जॉय म्हणे! उद्या आंधळे झाले तर हात धरून कोण फिरवणार?

एका दुपारी हे केस कापायला गेले, तशी मी पदर खोचून गाडीत शिरले. आता पदर कुठला, स्वेटशर्टच्या बाह्या वर केल्या. आत वास आणखी दाट. सीटखाली हात घातला, समोरचा खण उपसला, काही नाही. मग पायाशी कार्पेट चाचपलं तर चिकट, ओलं. सापडला, म्हटलं, पाक सांडलाय! ओढून वर केलं. मागे तो लपवलेला जोड होता आणि नळी आवळणाऱ्या क्लॅम्पखालून हिरवा थेंब पाझरत होता. कूलंट. इंजिनाच्या पाण्यात घालतात ते. गोड वासाचं विष. आणि हा माणूस काचा लावून, हीटर चालू करून त्यात तास तास बसायचा.

हे आले. मी बोट दाखवलं. हे गुडघ्यांवर बसले, नाक अगदी जोडापाशी नेलं आणि म्हणाले, "गळतंय खरं. पण वास कुठे येतोय?"

"नाटकं पुरेत!" मी ओरडले. मग ह्यांचा चेहरा पाहिला. नाटक नव्हतं ते. आत जाऊन एक डबी आणली. "डोळे मिटा. हे काय आहे, सांगा."

दोन-तीनदा हुंगलं. मग चाचरत म्हणाले, "वेलची?"

हिंगाच्या डबीला हा माणूस वेलची म्हणाला.

"कधीपासून?"

"ऑगस्टमध्ये तो ताप आला होता ना, तेव्हापासून."

"आणि रोज जेवायला बसताना म्हणता ते? आमटीला काय घमघमाट सुटलाय म्हणून?"

"फोडणीचा आवाज ऐकू येतो ना," हे म्हणाले.

मग आपणच उठले आणि बोल्टांच्या ड्रॉवरमधून एक बरणी काढून माझ्या हातात दिली. नुसती साखर. आत चमचा.

"बाकी सगळं चोथ्यासारखं लागतं गं. हिची तेवढी चव कळते."

इतके दिवस ज्याच्या मागावर होते तो चोर पकडला होता आणि मला रडू आवरेना. ह्यांचा राग आला, माझ्या आमटीचा राग आला, त्या तापाचा तर फारच. पण डोळे वाचवायचे होते. बरणी घेऊन मी सिंकपाशी गेले. ह्यांच्या तोंडाला उरलेली शेवटची चव आपण ओतून देतोय हे कळत होतं, तरी ओतली. नळ ह्यांनी सोडला.