कुंडीखालची किल्ली

घरात घुसणाऱ्या माणसाचा नवा भयपट दुपारच्या खेळाला पाहत होतो. पहिल्या खुनाला मागच्या रांगेतली पोरं चक्क हसली. पण मग त्या माणसानं दाराबाहेरची कुंडी उचलली, खालची किल्ली घेतली आणि सगळं थिएटर गप्प झालं.

शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी काकू हळूच म्हणाल्या, "आमची पण तिथंच असते."

मध्यंतरात त्या नवऱ्याला फोनवर सांगत होत्या, "कुंडीखालची किल्ली आत घ्या. का ते आल्यावर सांगते."

रक्ताला न बिचकणारी माणसं कुंडीला कशी काय घाबरली, याचं मला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

आमची किल्ली दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, जुन्या डाव्या बुटात असते. ती हातात घेऊन उभा राहिलो. ही जागा कोणाकोणाला ठाऊक आहे, ते आठवू लागलो. कामाला येणाऱ्या मंदाताई, समोरचं अख्खं कुटुंब, न कळवता गावाहून येणारा मामेभाऊ. इतक्या लोकांना मी कधी सांगितलं, तेच आठवेना. किल्ली खिशात टाकली तर यातलं कोण दारातून परत जाईल, तेही डोळ्यांपुढे आलं.

शेवटी किल्ली उजव्या बुटात टाकली आणि मंदाताईंना फोन करून तसं कळवलं.