नाकातले थेंब आणि अळणी डाळ

सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, तेव्हा मी घरातली मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. डॉक्टरांनी रक्ताचं प्रेशर वाढलंय असं सांगितल्यावर आमच्याकडे आधी मिठालाच धरतात. नवरा दोन दिवस गप्प जेवला. नंतर कामावरून येताना बाहेर गाडीवरचा मसालेदार लोचो खाऊन यायला लागला आणि घरी ‘भूक नाही’ म्हणायला लागला.

सासूचा मात्र निश्चय पक्का होता. तिला आम्ही आत्या म्हणतो. सुरतेत डिंडोलीला आमच्या गल्लीत बायका घरी बसून साड्यांवर गोंदाने खडे चिकटवतात, आणि त्यात आत्याचा हात सगळ्यांत साफ. पण डोळ्यांवर जाळी धरली आणि खड्यांच्या रांगा तिरक्या जायला लागल्या. काम देणाऱ्या, पर्वत पाटिया भागातल्या शेठने एक साडी परत पाठवली, तेव्हापासून तिला डोळा हवा होता, बाकी काही नको. अळणी डाळसुद्धा ती गोड मानून खायची.

तिसऱ्या खेपेला आम्ही दवाखान्यात बाकड्यावर बसलो होतो. नर्सने आवाज दिला, तशी आत्याने कमरेचा बटवा काढला. सुपारीच्या डबीशेजारची छोटी बाटली काढून मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा मेडिकलवाल्याने दिलेली बाटली ती. सर्दी केव्हाच गेली, बाटल्या मात्र येत राहिल्या.

“बा, आ शुं छे?” हे काय, असं नर्सने गुजरातीत विचारलं.

“काही नही. नाक मोकळं करस. टेबलवर आडवं पडनं से ना!” आत्या आपल्या अहिराणीत म्हणाली.

“मी दर वेळी विचारते, कोई दवा चालू है? तुम्ही नाही म्हणता.”

“हाई काय औषध से? नाकमा टाकस. पोटमा थोडंच जास?”

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहिलं. आमच्या घरात जे गिळतो ते औषध. बाम, मलम, थेंब हे सगळं साबण-तेलाच्या बाजूचं.

डॉक्टर ओरडले नाहीत, हसले. म्हणाले, या थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, सूज उतरते, म्हणून श्वास मोकळा होतो. पण थोडं औषध रक्तातही उतरतं आणि बाकीच्या रक्तवाहिन्याही आवळतं. म्युनिसिपालिटीचं पाणी आलेलं असताना पाइप चिमटीत दाबून पाहा, जोर वाढतो की नाही? शिवाय थेंब चारपाच दिवसांच्या वर वापरले की त्यांचा असर उतरताना नाक आणखी चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा बाटली शोधतो.

“म्हणजे मीठ निर्दोष सुटलं?” मी लगेच विचारलं.

“मीठ कमीच ठेवा. आणि आजींना नाकात हे घाला.” त्यांनी दुसरी बाटली लिहून दिली. मेडिकलमध्ये कळलं, ते मिठाचं पाणी होतं.

“जेवणमा मीठ नही, अन नाकमा मीठ!” आत्या रिक्षात बसेपर्यंत बडबडत होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. नाक बंद, झोप नाही, आणि आत्या तोंडाने श्वास घेत सगळ्यांवर खेकसत होती. जुनी बाटली मी गटारात रिकामी केली, कारण कचऱ्यातून तिने ती परत काढली असती. वाफारे दिले, मिठाचं पाणी घातलं. हळूहळू नाक सुटलं. पुढच्या तपासणीत प्रेशर थोडं जास्तच होतं, त्यावर एक गोळी लागली, पण ऑपरेशनला डॉक्टर हो म्हणाले.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डोळ्यात घालायचे थेंब मिळाले. “हाई तरी औषध से का?” तिने नर्सला मुद्दाम विचारलं.

घरी आल्यावर ती दारातल्या उजेडात गेली, कोपऱ्यातली घडी केलेली साडी उलगडली आणि काठावर बोट फिरवलं.

“ही रांग कोनी लावी? आंधळी व्हती का?”

शेठने परत पाठवलेली साडी होती ती.

“तुम्हीच लावली, आत्या.”

तिने साडी मांडीवर ओढली. “गोंद दे.”

“आधी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरू देत,” मी म्हटलं आणि गोंदाची बाटली वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली.