समोरून न पाहिलेला दिवा

माझ्या सायकलच्या दिव्यामुळे एका माणसाची गाडी ओढ्यात गेली, आणि ती त्याच्या झोपेमुळे गेली असे मी लोकांना सांगितले. ही गोष्ट मी नऊ वर्षे कोणाजवळ काढली नाही. घरी पत्नीजवळसुद्धा नाही.

मी भिसेगावात राहत असे आणि कशेळ्याच्या शाळेत शिकवीत असे. जाणेयेणे रोज सायकलवर. थंडीत दिवस आखडले की शाळा सुटल्यावर अर्धी वाट अंधारात काटावी लागे. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून त्या दिवशी जाताना अंधार. रस्त्यात खडी आणि गाड्यांच्या चाकोऱ्या, दोन्ही अंगांना झाडी. दिव्यावाचून निभाव नव्हता. त्या वर्षी मी मोठ्या हौसेने कार्बाईडचा दिवा घेतला होता. खालच्या डबीत कार्बाईडचे खडे, वरच्या डबीत पाणी. पाणी थेंबाथेंबाने खाली पडले की गॅस तयार होई आणि पुढच्या भिंगातून पांढराशुभ्र झोत दूरवर पडे. कुजलेल्या लसणीसारखा त्याला वास येई. “अहो, हे तुमचं भूत अंगणातच राहू दे,” असे पत्नीने पहिल्याच दिवशी बजावले. मला मात्र तो दिवा फार प्रिय होता. वाटेत भेटणारी माणसे डोळ्यांवर आडवा हात धरून बाजूला होत. खरे सांगायचे तर, तेही मला आवडे.

भाताच्या गाड्या कर्जतच्या गिरणीकडे उत्तररात्रीच निघत. गाडीखाली कंदील टांगलेला, गाडीवान घोंगडीत गुरफटलेला, आणि बैल सवयीच्या वाटेने चाललेले. एका शनिवारी पहाटे मी ओढ्यावरच्या एका मोरीकडे जाणाऱ्या उतारावरून वेगाने खाली येत होतो आणि समोरून अशाच गाड्यांची रांग मोरीवर चढत होती. माझा झोत पहिल्या गाडीच्या बैलांच्या थेट डोळ्यांवर गेला. गाडीवान जागा होता. “दिवा खाली करा! ओ, दिवा!” असे तो दोनदा ओरडला. मी ते ऐकले. परंतु ब्रेक दाबेपर्यंत त्याचा डावीकडचा बैल बुजून बाहेर ओढू लागला, चाक मोरीच्या कडेवरून सुटले आणि गाडी पोत्यांसकट ओढ्यात गेली.

मी खाली उतरलो. उतरल्यावर पहिले काम कोणते केले, तेही लिहिले पाहिजे. मी दिवा विझवला. त्या माणसाकडे गेलो तो त्यानंतर.

त्याच्या डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती. बुजलेल्या बैलाचा पुढचा पाय मोडला होता; तो पुढे दगावला. मागच्या गाड्यांवर पेंगत असलेले लोक आवाजाने जागे होऊन धावत आले. “काय झालं हो, मास्तर?” कोणीतरी विचारले. “त्याला झोप लागली असावी,” मी म्हणालो. मास्तरच्या तोंडचा शब्द. त्यावर कोणी उलट विचारले नाही.

गाडीवान चार दिवसांनी हिंडूफिरू लागला, पण त्या पहाटेचे त्याला काहीच आठवत नव्हते. लोकांनी सांगितले तेच त्याने खरे मानले. गिरणीवाल्याने त्याच्या गाडीत पोती भरणे बंद केले. कशेळ्याच्या गाडीतळावर त्याला ‘निजऱ्या’ हे नाव पडले. मी तो दिवा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि रॉकेलचा एक मिणमिणता दिवा घेतला. तेवढ्याने माझे प्रायश्चित्त झाले, अशी मी मनाची समजूत घातली. आणि रोज बाजारातून जाताना त्याला लांबूनच नमस्कार करीत राहिलो.

ही समजूत आणखीही टिकली असती. पण पन्नाशी उलटली आणि माझी नजर मंद झाली. रॉकेलचा दिवा जरा धक्का बसला की विझे, आणि विझला नाही तरी खड्डा दिसे तो चाक त्यात गेल्यावर. एका हिवाळ्यात मी दोनदा पडलो. दुसऱ्या वेळी गुडघ्यावर हळद बांधता बांधता पत्नी म्हणाली, “एक तर धडसा दिवा घ्या, नाहीतर बदली मागून घ्या. मला रोज दारात उभं राहणं आता व्हायचं नाही.”

मी दिवा घेण्याचे ठरवले, आणि त्यासाठी दोन अटी नक्की केल्या. खड्डा निदान दहा पावलांवरून दिसला पाहिजे, आणि समोरून येणारे जनावर बुजता कामा नये. या दोन्ही गोष्टी साधेपर्यंत हात टेकायचे नाहीत, असे मी मनाशी घट्ट बांधून घेतले.

कर्जतच्या सायकलवाल्याने चाकाला घासून वीज करणारा नवा दिवा पुढे केला.

“जितकी जोरात पळवाल तितका उजेड, मास्तर.”

“आणि थांबलो तर?”

“थांबलात तर अंधार. पण थांबता कशाला?”

“चढ लागला की मी उतरून चालतो.” मग मी पुढचे विचारले, “समोरून कोणी आलं तर उजेड कमी करता येतो का?”

त्याने गिऱ्हाइकांकडे पाहून डोळे मिचकावले. “मास्तर, सायकलला दिवा हवाय की देवापुढे समई?”

बॅटरीचा दिवाही पाहिला. पण त्याच्या बॅटऱ्या फार दिवस टिकत नाहीत, असे त्यानेच कबूल केले. शेवटी मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि माळ्यावरचे गोणपाट खाली काढले. दिव्याच्या नळीत कोळ्याने घर केले होते. ते साफ केले, पत्रेवाल्याकडून भिंगावर बसेल अशी पत्र्याची झापड करून घेतली, आणि एका संध्याकाळी भिसेगावाबाहेर एका आंब्याला सायकल टेकवून दिवा लावला. मग त्याच्याकडे पाठ करून शंभर पावले चाललो आणि वळलो.

मी तो दिवा समोरून कधीच पाहिला नव्हता. झापड वर उचललेली होती. झोत डोळ्यांवर येताच रस्ता गेला, झाडे गेली, स्वतःचे पायही दिसेनात. त्याच्याकडे चालत जायचे होते, पण मला पाऊल टाकवेना. मी रस्त्याच्या मधोमध डोळे झाकून उभा राहिलो.

त्यानंतर चार संध्याकाळी मी हाच उद्योग केला. झापड कधी बोटभर पुढे वाकवली, कधी मागे. काचेला आतून पिवळा कागद लावला, तो करपला, म्हणून काढला. पाणी किती थेंब सोडायचे ते मोजले. दहाव्या पावलावर चुन्याची रेघ मारून उजेड नेमका तेथे पडेल असे साधले. आता माझ्या डोळ्यांना त्रास होत नव्हता. पण मी बैल नव्हतो.

म्हणून बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडीतळावर गेलो आणि कोणी घटकाभर एखादा बैल उभा करील का, असे विचारले.

“बैलांची परीक्षा घेताय काय, मास्तर?” एक तरुण गाडीवान म्हणाला. “नापास झाला तर त्याला पण छडी?”

सगळे हसले. पण ज्याला त्याला माल भरून निघायचे होते. तेवढ्यात मागून एक जण पुढे आला. “माझा बैल घ्या. मला कुठं घाई हाय?” तोच होता. मी त्याला शोधायला गेलो नव्हतो. त्याच्यापाशी वेळ होता, कारण त्याला भाडे मिळत नव्हते.

“जा रं निजऱ्या,” तो तरुण ओरडला, “पण उभ्या उभ्या घोरू नको हां!”

तोही हसला. बैल घेऊन आम्ही तळाच्या टोकाला जाऊ लागलो तेव्हा तो हळूच म्हणाला, “चिडवतात ती पोरं, पण खोटं नाय बोलत. तवापासून मी गाडीवर बसत नाय, मास्तर. बैलाच्या पुढं चालतो. बसलो की वाटतं, आता लागला डोळा. माझाच बैल मी माझ्या हातानं मारला.”

त्याचे काम गेले हे मला ठाऊक होते. त्याचा स्वतःवरचा विश्वासही मी नेला होता, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. बोलायला हवे होते. मी सायकल ढकलीत पुढे चालत राहिलो.

दिवस मावळून अंधार दाटला. तो कासरा धरून उभा राहिला. मी लांबून झापड लावलेला दिवा घेऊन सायकलवर आलो, अगदी बैलाच्या जवळून गेलो. बैल रवंथ करीत राहिला.

“ब्येस!” तो म्हणाला. “आता ती झापड काढून या बरं. कसा बुजतो तेपण कळंल.”

त्याची काही गरज नाही, असे मला म्हणता आले असते. मी झापड काढली आणि पुन्हा आलो. बैलाने मान फेकली आणि जोराने बाहेरच्या अंगाला ओढ घेतली. कासरा हातात असलेला, पूर्ण सावध असा तो माणूस पाच-सहा पावले फरफटत गेला. तळावरची माणसे धावली, त्यांनी बैल दाबून धरला. गाडीवान धापा टाकीत, डोळे चोळीत म्हणाला, “आरं देवा! असल्या उजेडापुढं जागा मानूस तरी काय करंल?”

नंतर एकट्यालाच गाठून सांगू, असा विचार एकदा मनात येऊन गेला. परंतु आळ मी चारचौघांत घातला होता. तो चारचौघांतच काढायला हवा होता. मी सायकल खाली ठेवली, त्याच्यापुढे गेलो आणि हात जोडून बोलू लागलो. माझा आवाज मुळातच बारीक.

“मोठ्यानं बोला, मास्तर,” मागून कोणी म्हणाले, “आमाला ऐकू येत नाय.”

मग मी मोठ्याने बोललो.

“दादा, त्या पहाटे तुम्हाला झोप लागली नव्हती. तुम्ही जागे होता. दिवा खाली करा म्हणून तुम्ही दोनदा ओरडलात, ते मी ऐकलं होतं. बैल माझ्या दिव्यानं बुजला. तुम्हाला झोप लागली असं या सगळ्यांना मी सांगितलं, आणि ते खोटं होतं. तुमचा बैल तुमच्या हातानं मेला नाही, दादा. तो दोष माझा. मला क्षमा करा.”