पांढऱ्या टेपचे वेढे

नळकाम करणाऱ्या त्या माणसाला सगळे टेपमास्तर म्हणायचे, आणि ही थट्टा आहे हे मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कुठेही आटे दिसले की मास्तरांचा हात खिशात जायचा, गळती रोखणाऱ्या पांढऱ्या टेपचं रीळ बाहेर यायचं आणि वेढ्यावर वेढे पडायचे. "माझ्या हातचा सांधा थेंब गाळणार नाही," हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना इतकं ऐकवलं होतं की शेजारी उभी असली तर बायको तेच वाक्य ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणायची. खोटं नव्हतं म्हणा. सांधे खरंच गळत नसत. आवर नव्हता तो फक्त तोंडाला.

पाइप आणि टाक्या वाहायला त्यांची एक जुनी व्हॅन होती. तिचं इंजिन धापा टाकायला लागलं तेव्हा मेहुण्याने ते खाली उतरवलं आणि आतून पार नवं करून दिलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वळणावर त्याचं गॅरेज, हाताखाली कुणी नाही, बोलणं कमी. आईवडील गेल्यापासून बायकोचं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस. पाना खाली ठेवून हात पुसत तो "या ताई" म्हणाला की तिचा सगळा शीण उतरायचा.

इंजिन गोड चालत होतं. मग गप्प बसावं ना माणसाने! पण स्पेअरपार्टवाल्याने कानात भरवलं, "मास्तर, ऑइलचा लाल दिवा लागतो तेव्हा इंजिनाचं वाटोळं झालेलं असतं. काटा असला की आधी कळतं." झालं. मास्तर ऑइल प्रेशरचं घड्याळ घेऊन घरी आले. ते बसवायला मेहुण्याकडे जायचं मनातही आलं नाही. आटेच तर फिरवायचे, त्यात त्या पोराला काय विचारायचं?

काम त्यांनी निगुतीने केलं, हे मान्य करायला हवं. घड्याळ डॅशबोर्डवर असं बसवलं की स्टिअरिंगआड लपू नये. वायर पत्र्याला घासून सोलू नये म्हणून भोकात रबरी कडं घातलं. इंजिनाच्या कुशीतला दिव्याचा जुना सेन्सर काढून त्या जागी घड्याळाचा नवा, जाडजूड पितळी सेन्सर लावला. आणि लावण्याआधी, अर्थातच, टेप. ऑइल पाण्याहून चिवट, म्हणून नेहमीपेक्षा चार वेढे जास्तच.

गाडी सुरू केली. काटा शून्याजवळ जरासा थरथरला आणि आडवा झाला. मास्तरांनी घड्याळावर टिचकी मारली, ॲक्सिलरेटर दाबला, वायरी पुन्हा तपासल्या. काटा ढिम्म. सेन्सरपाशी ऑइलचा टिपूससुद्धा नव्हता, म्हणजे त्यांच्या कामात खोट नाही. मग खोट कुणाच्या कामात? मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

ते तसेच गॅरेजवर गेले. तिथे चारपाच माणसं होती. आपली टॅक्सी इंजिनाच्या कामाला घेऊन आलेला एक टॅक्सीवालाही होता, त्याची किल्ली खुंटीला लागली होती.

"ऑइलचा दाबच नाही! जुने बेअरिंग घातलेस ना माझ्या गाडीत?" मास्तर रस्त्यावरूनच ओरडले. "घरच्या माणसाला गंडवलंस? मग परक्यांचं काय करत असशील रे?"

मेहुण्याने बॉनेट उघडलं. चालत्या इंजिनाला कान दिला. मग वाकला आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिला. त्याने सेन्सरकडे हात नेला तर मास्तरांनी तो हात झटकून टाकला. "खबरदार आता हात लावशील तर!"

मेहुणा सरळ उभा राहिला. एकदा माणसांकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. "भावोजी, माझ्याकडून काही राहिलं असेल. गाडी ठेवून जा, संध्याकाळी बघतो."

"कबूल केलं, ऐकलंत ना सगळ्यांनी?" मास्तर म्हणाले. टॅक्सीवाल्याने ऐकलं होतं. त्याने पुढे होऊन खुंटीवरची आपली किल्ली काढून घेतली. मास्तर गाडी घेऊन छाती काढून घरी आले.

घरी बायकोने आधी ऐकूनच घेतलं नाही. मग मास्तरांनी तिला गाडीत बसवून तो आडवा काटा दाखवला. तिने भावाला फोन लावला आणि त्याला तोंड उघडू न देता बोलत सुटली. "लाज नाही वाटली? माझ्या नवऱ्याला फसवताना मी नाही आठवले? आजपासून तुला बहीण नाही असं समज." फोन ठेवला आणि ती भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. त्यानंतर बाजारात जाताना ती वळण टाळून लांबच्या रस्त्याने जायला लागली. मास्तरांना ते दिसत होतं. आपला शब्द तिने राखला म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं, काय सांगायचं!

पुढच्या सुटीच्या दिवशी त्यांना वाटलं, दुसऱ्या मेकॅनिककडे नेण्याआधी सेन्सर आणखी आवळून बघावा. बायकोला म्हणाले, "तू आत बसून काट्यावर नजर ठेव." गाडी सुरू होती. मास्तर बॉनेटमध्ये वाकले, हातातला पाना निसटला, आणि सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये आडवा पडला.

"अहो, काटा वर गेला!" आतून बायको ओरडली.

मास्तरांनी पाना उचलला.

"पडला."

त्यांनी पाना पुन्हा तसाच टेकवला. "वर गेला," बायको म्हणाली, या खेपेला हळू.

आता मास्तरांना उमगलं. सेन्सरला वायर एकच, विजेची परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, त्याच्या आट्यांमधून. आटे लोखंडाला टेकले तर काटा उठणार. आणि आटे त्यांनी स्वतःच्या हातांनी बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे टेपमध्ये गुंडाळले होते. गाडी बंद केली, सेन्सर काढला, टेप खरवडली, पुन्हा बसवला. गाडी सुरू करताच काटा ताठ उभा राहिला. इंजिन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं.

बायको काट्याकडे बघत होती. "मी त्याला काय काय बोलले हो," एवढंच म्हणाली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने दार आतून ओढून लावलं आणि म्हणाली, "चला."

"जेवायच्या वेळेला जाऊ," मास्तर पुटपुटले. तेव्हा गॅरेजवर कुणी नसतं. ओरडताना चारचौघं लागली, माफी मागायला मात्र एकांत हवा होता.

मेहुणा एकटाच होता. बहिणीला बघून त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले, पण "या ताई" काही म्हणाला नाही. मास्तरांनी कसंबसं सांगितलं. टेप हा शब्द तर त्यांनी पुटपुटतच उच्चारला.

"ठाऊक आहे," मेहुणा म्हणाला. "त्याच दिवशी दिसली होती. पांढरी कड बाहेर डोकावत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"माणसं होती ना. टेपमास्तर टेपमुळेच फसले म्हणून जन्मभर हसली असती तुम्हाला. म्हटलं, गाडी ठेवून जातील, गुपचूप टेप काढून ठेवू. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि मला? मला तरी सांगायचंस!" बायको म्हणाली.

"तू बोलू कुठे दिलंस, ताई?"

ती मटकन स्टुलावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर टॅक्सीवाल्याच्या किल्लीची खुंटी रिकामी होती. ते त्या खुंटीकडे बघत राहिले, मग बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या टॅक्सीस्टँडवर गेले. त्या दिवशी गॅरेजवर असलेले सगळे जेवणाचे डबे उघडून तिथेच बसले होते, तो टॅक्सीवालाही होता.

"ऐका," मास्तर म्हणाले. कुणी मान वर केली नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "ऐका. माझ्या इंजिनाला काही झालं नव्हतं. सेन्सरला मी टेप गुंडाळली होती, म्हणून काटा उठत नव्हता. मेहुण्याने काही फसवलं नाही. मी त्याला नाहक बोललो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकाने घास हातात धरूनच विचारलं, "टेप? आपली पांढरी?" आणि जे हसू फुटलं! एक जण तर बाकावरून घसरला. "मास्तर, गाडी गळत तर नाही ना?" मास्तर मान खाली घालून उभे राहिले. हसू ओसरल्यावर त्यांनी टॅक्सीवाल्याला विचारलं, "मग तुमची गाडी आणताय ना त्याच्याकडे?"

"आता कुठून? दुसरीकडे इंजिन उघडून बसलंय," टॅक्सीवाला डोळे पुसत म्हणाला. "आधी सांगायचं होतं हो."

मास्तर परत आले तेव्हा भाऊबहीण एकाच डब्यातून जेवत होती.

"सांगितलंत?" मेहुण्याने विचारलं.

"हो."

"हसले?"

"पोट धरून."

"म्हणूनच बोललो नव्हतो," मेहुणा म्हणाला, आणि उठून त्याने आपलं स्टूल भावोजींपुढे सरकवलं. मास्तरांना त्यावर बसवेना.